पासवर्ड मागतंय ते पान

"पासवर्ड मागतंय ते पान काढून दे," मामा म्हणायचे आणि हात पुढे करायचे. मोबाईल हातात आला की तो छातीशी धरून ते भिंतीकडे तोंड करत. भिंतीवर कुठल्या तरी मागच्या वर्षाचं कॅलेंडर होतं. मागून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कॅलेंडरला काहीतरी गुपचूप दाखवतोय. मग बोटाचा आवाज यायचा. एकदा टक्. जरा थांबून पाच वेळा. परत थांबून आणखी पाच वेळा. मग मोबाईल परत तुमच्या हातात. शेवटचं जोडायचं बटण ते कधीच दाबत नसत. "ते तू दाब," म्हणत. आणि नेट लागलं की तुमच्या तोंडाकडे बघून, "आता आधी घरी बोल."

देवगाव फाट्यावर उतरून तुम्ही कधी बस बदलली असेल तर त्यांना पाहिलंही असेल. पत्र्याचं हॉटेल, बाहेर दोन बाकडी, कढईपाशी उभा असलेला उंच, वाळका माणूस, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना मामा म्हणत. नाव होतं, पण ते कधी लागायचं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आठवीत शाळा सोडली. रस्ता रुंद करायच्या कामावर मशीनच्या मागे मागे फिरत इतक्या लांब आलो, आणि काम पुढे सरकलं तेव्हा मी तापाने मामांच्या बाकड्यावर पडलेलो होतो. आमची माणसं गेली. चौथ्या दिवशी मी उठून बसलो तर मामा म्हणाले, "कोकणी, कांदा चिरता येतो का?" मी म्हटलं, येतो. त्याच्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही अजून कांदा चिरतोच आहे.

मला भीती लवकर वाटते. सिलेंडर बंद केला का, हे मी तीनदा बघतो. कुणी मोठ्याने हाक मारली तर आधी आपलंच चुकलं असं वाटतं. त्यामुळे तिथे राहायला लागल्यावरसुद्धा वायफाय मागायला मला आठ दिवस लागले. आमच्या पत्र्याखाली फोन लागतो, नेट मात्र चालत नाही. पण मध्यंतरी एक सिलेंडर चोरीला गेला म्हणून मामांनी कॅमेरे बसवून घेतले होते, त्यांच्या जोडीने वायफाय आलं होतं. ड्रायव्हर लोकांचं दिवसाचं नेट दुपारपर्यंत पिक्चर बघून संपलेलं असायचं. ते चहा सांगायच्या आधी मोबाईल पुढे करायचे.

मी मोबाईल दिला. टकटक झालं. मी बटण दाबलं.

"आता आधी घरी बोल."

"बोललो सकाळी," मी म्हटलं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. सकाळी मी त्यांच्याच शेजारी बटाटे सोलत होतो.

"मग नेटबी सकाळीच वापरायचं व्हतं," ते म्हणाले आणि मोबाईल परत मागायला हात पुढे केला.

घरी मी पाच महिने बोललो नव्हतो. निघताना भावाशी भांडण झालं होतं आणि आईला सांगून आलो होतो की साइटवर सुपरवायझर आहे. आता भजी तळतो हे कसं सांगायचं? मामा हात पुढे करून उभेच. कढईत भजी लाल व्हायला लागली होती, तरी हलेनात. शेवटी लावला फोन. आईने मी कोण आहे हेसुद्धा विचारलं नाही. "जेवलास काय रे?" एवढंच म्हणाली. मामांनी झारा उचलला आणि भजी काढायला वळले. त्या घाण्यातली भजी करपली होती. त्या दिवशी आम्ही दोघांनी तीच खाल्ली.

तुम्हाला वाटेल, हा माणूस उपदेश करणारा असेल. अजिबात नव्हता. घरी बोल म्हटलं की त्यांचं काम संपलं. कोण काय बोलतो हे ऐकायला ते थांबत नसत, मुद्दाम लांब जात. फक्त एखादा ड्रायव्हर घरच्यांशी भांडायला लागला तर त्याच्या पुढ्यात न सांगता भज्यांची प्लेट यायची. तोंडात गरम भजी घेऊन माणसाला नीट भांडता येत नाही.

मला मात्र त्या पासवर्डाचं वेड लागलं. मीच नाही, फाट्यावर येणाऱ्या सगळ्यांनाच. त्यात एक दुधाच्या टँकरवाले भाऊ होते, रोज चहाला थांबायचे. त्यांचं म्हणणं, सांगत नाही याचा अर्थ बाईचं नाव असणार. मी त्यांना सांगितलं, मी मोजलंय, अकरा टकटक आहेत. ज्या मोबाईलचा आवाज बंद असेल त्याच्या वेळी मी मामांचं कोपर हलताना मोजत असे. तेव्हापासून भाऊ अकरा अक्षरांच्या मागे लागले. इंग्रजीत 'परभणीकर' लिहिलं तर अकरा अक्षरं होतात, हे त्यांनीच शोधून काढलं. लावून बघितलं, नाही लागलं. मग 'देवगावफाटा'. तेही अकरा, तेही नाही. एके दिवशी टँकरमधून उतरता उतरताच ओरडले, "मिळालं! कांदाभज्जी! डबल जे घातला की अकरा!"

तेही नव्हतं. मामा कढईपाशी उभे राहून हसत होते. "भाऊ, एवढी अक्कल शाळेत चालवली असती तर आज कलेक्टर राहिला असतास. टँकर कामून चालवायलास?"

"मामा, एक तरी अक्षर सांगा."

"अक्षर?" मामा म्हणाले. "एकबी न्हाई त्याच्यात."

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत.

रोज सकाळची पहिली गर्दी ओसरली की मामा पेपर माझ्या पुढे टाकायचे. "वाच. तू शिकलेला हाईस."

सुरुवातीला मला वाटायचं, हे मला टोचून बोलताहेत. आठवी सोडलेल्या माणसाला कोण शिकलेला म्हणतं? आमच्याकडे तर त्याचं उलटंच म्हणत. पण मामांच्या तोंडावर थट्टा नसायची. मी अडखळत वाचायचो, जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. "दमानं घे. बस काय सुटायली न्हाई तुझी," ते म्हणायचे. बाजारभाव, मयत झालेल्यांची नावं, कापूस-सोयाबीन, हवामान, सगळं वाचून घ्यायचे. बँकेचा कागद आला, विजेचं बिल आलं, तरी तेच.

"मामा, तुम्ही का वाचत नाही?"

"चष्मा घरी ऱ्हायलाय."

"घर कुठं तुमचं?"

"हे काय," म्हणून ते पत्र्याकडे बोट करायचे.

"मग चष्मा?"

"घरी."

एवढं म्हणून भज्याचं पीठ कालवायला घ्यायचे. हॉटेलाच्या मागे त्यांची एक खोली होती. खाट, एक पेटी, दोरीवर दोन सदरे. चष्मा काही तिथे नव्हता. मी त्यांच्याकडे राहिलो त्या सगळ्या काळात तो घरी राहिलेला चष्मा आलाच नाही, आणि मी वाचत गेलो. आज हे जे चार शब्द मी तुमच्यासाठी लिहितोय ते त्या रोजच्या पेपरामुळे. नाहीतर माझी सही सोडून दुसरं काही लिहायची माझी लायकी नव्हती.

घरचं कुणी आहे का, असं मी एकदाच विचारलं. "कुणी न्हाई," म्हणाले. आधारकार्डावर पत्तासुद्धा हॉटेलाचाच. त्यांच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये एकही नाव साठवलेलं नव्हतं. दूधवाला, भाजीवाला, गॅसवाला, सगळे नुसते आकडे. पण फोन वाजला की आकडे बघूनच ओळखायचे, "गॅसवाला हाय, उचल." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, मामांच्या हातातून झारा पडला. उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मी धावलो. त्यांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं. काही बोलायला बघत होते, नुसता घशातून आवाज येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी सिलेंडर बंद केला का हे एकदाही बघितलं नाही. टँकरवाले भाऊ बाकड्यावरच होते. त्यांनी टँकर तसाच सोडला, एक जीप थांबवली आणि आम्ही मामांना परभणीच्या दवाखान्यात नेलं.

लकवा होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस सांगता येत नाही, घरचं माणूस बोलावून घ्या. मी म्हटलं, घरचं कुणी नाही. ते म्हणाले, "असं कसं? बघा कुणीतरी असेल." भाऊंना टँकर पोचवायचा होता, ते गेले. मी एकटा त्या कॉटपाशी. घरचं माणूस कुठून आणू? मला खरंच वाटत होतं की मामा आता जाणार आणि त्यांच्याबद्दल कुणाला कळवायचं हेसुद्धा मला माहीत नसणार.

दुसऱ्या दिवशी त्यांना चांगली शुद्ध आली. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं. मग डावा हात उचलला आणि चादरीवर एक बोट आपटायला लागले. पाच वेळा. थांबून परत पाच वेळा. माझ्याकडे बघितलं. परत तेच.

मी ते ताबडतोब ओळखलं. इतकी वर्षं मोजलेलं होतं. पासवर्ड! मामांना हॉटेलाची काळजी लागली होती, कॅमेरे, वायफाय. पण मी मोजलं तर दहाच. परत केलं, परत दहा. सुरुवातीचं एक टक् नव्हतं.

मामा पासवर्ड विसरले. एक अक्षर विसरले, ते आठवत नाही म्हणून असे कासावीस झालेत.

"मामा, अकरा असतात," मी त्यांच्या कानाशी सांगितलं. "एक राहिलं. पण तुम्ही नका काळजी करू."

त्यांनी मान जोरात हलवली आणि पुन्हा दहा वेळा आपटलं. मी माझा मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांचं डावं बोट काचेवरून घसरत होतं, भलतंच काहीतरी उघडत होतं. त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी आलं.

सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरने विचारलं, "काय म्हणतायत?"

"वायफायचा पासवर्ड आठवत नाही त्यांना," मी सांगितलं.

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की माझंच डोकं तपासावं. मग म्हणाल्या, "तुमचा मोबाईल त्याला जोडलेला आहे ना? मग त्याच्यात साठवलेला असेल की. सेटिंगमध्ये जा. वायफायची जुनी यादी काढा. नाव दाबा, शेअर दाबा. चौकोन येईल, त्याच्या खाली लिहिलेलं असतं."

म्हणजे बघा. ज्याच्यासाठी टँकरवाले भाऊ अकरा अकरा अक्षरं जुळवत बसले, ज्याच्यासाठी मी मामांचं कोपर मोजत आलो, ते इतके दिवस माझ्या खिशातच होतं.

मी सेटिंग उघडलं. यादीत हॉटेलाचं नाव होतं. दाबलं. मोबाईलने माझा अंगठा मागितला, तो घामाने दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत पासवर्ड.

अक्षरं नव्हतीच. नुसते आकडे. पाच आणि पाच, दहा. सुरुवात नवाने.

पहिली टक् कशाची होती हे मला तिथे कॉटपाशी कळलं. मोबाईलवर आधी अक्षरांच्या कळा येतात. आकडे काढायला डाव्या कोपऱ्यातलं एक बटण दाबावं लागतं. ते आम्ही पासवर्डात धरून चाललो होतो. मामा काही विसरले नव्हते. फोन लावायला ते बटण लागत नाही.

"मामा," मी म्हटलं, "हा कुणाचा फोन नंबर आहे का?"

त्यांचं चादरीवरचं बोट थांबलं.

मी नंबर फोनवर टाकला आणि ते पान त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. कुणाचा नंबर, काय बोलायचं, शिव्या बसल्या तर काय करायचं? ते आकड्यांकडे खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, नेहमी म्हणायचे तसं आता डोळ्यांनी म्हणतील, ते तू दाब. पण त्यांनी डावा अंगठा उचलला, नेम धरून पुढे आणला आणि हिरवं बटण स्वतः दाबलं.

तीन रिंग झाल्या.

"हॅलो, कोन?" एक बाई होत्या.

"नमस्कार, मी देवगाव फाट्यावरून... म्हणजे परभणीहून बोलतोय. दवाखान्यातून."

"राँग नंबर हाय. देवगाव फाट्याला माझं कुनी न्हाई."

पण फोन ठेवला नाही.

"हॉटेलवाले मामा आहेत ना, त्यांना लकवा मारलाय," मी घाईघाईने म्हणालो. "बोलता येत नाही त्यांना. तुम्ही त्यांच्या कोण, मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे कामाला आहे."

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडली. मग त्या म्हणाल्या, "माझा नंबर कुनी दिला तुला?"

"मामांनीच."

"बोलता येत न्हाई म्हनतूस, आन् नंबर दिला म्हनतूस?"

"त्यांना पाठ आहे."

"त्यांला? माझा?"

"रोज लिहायचे, मामी," मी म्हणालो. मामी हा शब्द आपोआपच आला. "दिवसातून वीस-वीस वेळा. माझ्यासमोर."

मी फोन कानावरून काढून बघितला, चालू आहे का. मग आवाज आला, "मग लावला कामून न्हाई एकबी बार?"

मामा माझ्याकडे बघत होते.

"कोनता वार्ड?" मामींनी विचारलं.

ताडकळसहून परभणीला यायला बसने फार वेळ लागत नाही. दुपारी त्या आल्या. बुटक्या, हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत भाकरी बांधलेलं फडकं. कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मामांनी बघितलं.

"सापडला का रस्ता?" त्या म्हणाल्या.

मामांचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसू शकत होतं.

मग शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीला त्यांनी सगळी हकीकत सांगितली, मामांना ऐकू जाईल अशा आवाजात. तेरा वर्षांमागे मामांनी फाट्यावर हॉटेल टाकलं. या आठ दिवस राहिल्या. ट्रकांचे हॉर्न, येणारा-जाणारा घरात डोकावतो, न्हाणी उघड्यावर. "मी म्हनलं, मला रस्त्यावर संसार मांडायचा न्हाई. तर हे म्हनले, मंग तुझा रस्ता तू बग. मी बगितला. भावाकडं आले ताडकळसला. म्हनलं, फोन करतील. हे म्हनले असतील, ती करंल." म्हातारी म्हणाली, "आन् तेरा वरीस?" मामी म्हणाल्या, "दिवस जायला काय लागतंय बाई."

नंबर कसा मिळाला हे त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. वायफाय म्हणजे काय, पासवर्ड म्हणजे काय, सगळं सांगावं लागलं. समजलं तशा त्या एकदम ताठ झाल्या.

"म्हंजी त्या सगळ्या ड्रायव्हर लोकाईच्या मोबाईलात माझा नंबर हाय?"

"आहे, पण दिसत नाही, मामी."

"अगं बाई! आख्ख्या रस्त्याला वाटून बसलाय ह्यो मानूस!" आणि कॉटकडे वळून, "लाज?" मामांनी डोळे मिटून घेतले, पण झोपले नव्हते. त्यांचं पोट हसण्याने हलत होतं. सिस्टरला येऊन दटावावं लागलं.

दोन-तीन दिवसांचं सांगता येत नव्हतं, ते निभावलं. मामी त्यांना ताडकळसला घेऊन गेल्या. मी हॉटेल सांभाळलं. दोनदा भेटून आलो. एकदा बाजाराचा दिवस होता, मामी बाजाराला गेलेल्या, मामा दारात खाटेवर. वाचा आलीच नाही. मी निघालो तर त्यांनी डाव्या हाताने माझ्या खिशातल्या मोबाईलवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बोलतो मामा. आधी घरीच बोलतो." फाट्यावर परत येईपर्यंत मी आईशी बोलत होतो.

दवाखान्यात घाईत मी मामींचा नंबर 'वायफाय' या नावाने साठवला होता, तो तसाच राहिला. ज्वारीच्या काढण्या चालू होत्या तेव्हा एका सकाळी माझा फोन वाजला. वायफाय. मी उचलायच्या आधीच बाकड्यावर बसलो. मामा गेले होते.

महिन्याभराने मामी फाट्यावर आल्या. बसमधून उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंना बघितलं. मग आत येऊन मामांच्या खुर्चीवर न बसता बाकड्यावर बसल्या.

"आवाज लय हाय," म्हणाल्या.

"सवय होते, मामी."

मी मामांचं सामान बाहेर आणलं. पेटी, सदरे, टॉवेल आणि तो बटणांचा फोन. फोन मी रोज चार्ज करून ठेवतो, कारण गॅसवाला आणि दूधवाला अजून त्याच्यावरच लावतात. मामींनी तो उलटापालटा करून बघितला.

"ह्याच्यात माझं नाव काय म्हनून हाय, बगू दे बरं."

त्यांनी आपला फोन काढला. मी मामांचा नंबर सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी तो लावलासुद्धा होता, न विचारता. टेबलावर फोन वाजायला लागला. काचेवर नुसते दहा आकडे.

"नाव घातलेलं नाही, मामी," मी म्हटलं. "म्हणजे कुणाचंच नाही घातलेलं."

"घालनार कशानं?" मामींनी फोन बंद केला. "अक्षर कुठं येत व्हतं त्यांला? आकडे तेवढे येत व्हते."

"पण ते म्हणायचे, चष्मा घरी राहिला."

"कसला चष्मा? दोन वावरं पल्याड कुनाची म्हैस शिरली ते दिसायचं त्यांला."

पेपर, विजेचं बिल, बँकेचे कागद. एकही अक्षर नाही त्याच्यात. तू शिकलेला हाईस, वाच. मी कित्येक दिवस ती थट्टा समजलो होतो, मग दया समजलो होतो. त्यातलं काहीच नव्हतं. ते जे होतं तेच बोलत होते.

मामींनी फोन माझ्यापुढे सरकवला. "तू घाल नाव. तू शिकलेला हाईस."

मी विचारलं, "काय घालू?"

त्या रस्त्याकडे बघत बसल्या. एक ट्रक गेला, मग एक बस. बसमधून उतरलेला एक माणूस पत्र्याखाली येऊन मोबाईल हातात धरून उभा राहिला, वाट बघत.

"घर घाल," मामी म्हणाल्या.

त्या जुन्या बटणांवर एकेक अक्षर काढायला एकच बटण कितीदा दाबावं लागतं. मी दमाने दाबत गेलो. घ आला, र आला. साठवलं.

"लावते परत. बग दिसतंय का," म्हणत त्यांनी आपल्या फोनवरचं हिरवं बटण दाबलं.

टेबलावर फोन वाजायला लागला. घर. मी उचलला नाही, आणि त्याही बंद करत नव्हत्या. तो वाजत राहिला.